दहा इंचावरची पायरी

आमच्या कॉलेजातले क्रीडाशिक्षक माणसाच्या तोंडाकडं बघत नसत, पायाकडं बघत. समोर प्राचार्य असले तरी तेच. प्राचार्य रजेच्या अर्जावरून काहीतरी सुनवत असायचे आणि हे त्यांच्या बुटांकडं बघून मान हलवत असायचे. शेवटी म्हणायचे, "सर, डाव्या टाचंवर लई भार देऊन राहिले तुमी. कंबर दुखत असंल." प्राचार्यांची कंबर खरोखरच दुखत असायची. मग दहा मिनिटं कंबरेवर बोलणं व्हायचं आणि अर्ज मंजूर व्हायचा. मी शेजारी माझा अर्ज घेऊन उभा असायचो. माझ्या अर्जावर शेरा पडायचा.

मला त्यांचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. उगाच आदराचा आव आणून लिहायचं आणि मधेच कुठंतरी पितळ उघडं पडायचं, त्यापेक्षा हे बरं. मी फिजिक्स शिकवतो. लातुरात फिजिक्सच्या मास्तराला काय भाव असतो ते इथल्या कुणालाही विचारा. दहावीचा निकाल लागला की आईबाप पोरांना घेऊन माझ्या दारात उभे असतात. पण तो भाव विषयाला आहे, उद्या मी बॉटनी शिकवायला लागलो तर दारात कुत्रं थांबणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. सरांचं तसं नव्हतं. त्यांना लोक उगाचच जीव लावायचे. कॉलेजात आम्ही चाळीसेक जण, सगळेच सर. तरी नुसतं 'सर' म्हटलं की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना तेच आठवायचे.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसायचं. तिथं सहा इंची स्टीलची पट्टी असायची. मस्टरवर सही करायला ते रोज माझं पेन मागायचे आणि रोज माझ्याच खिशात परत खोचून ठेवायचे. मैदानावर अनवाणी. डबा उभ्यानं खायचे, भाकरी तळहातावर, भाजी भाकरीवर. खो-खोच्या पोरींचा सराव घेताना ते मैदानाकडं पाठ करून उभे राहायचे आणि नुसत्या आवाजावरून ओरडायचे, "कोण गं ती, उजव्या पायानं उठून राहिली? डावा, डावा." स्टाफरूममध्ये मी मागून शिरलो तरी वळून न बघता म्हणायचे, "या फिजिक्स. आज घरी वाजलेलं दिसतंय." मला ते 'फिजिक्स'च म्हणायचे. आणि घरी वाजलेलं असायचं.

आम्ही दोघांनी गाड्या घेतल्या त्या एकाच वर्षी. माझी नवीकोरी, पांढरी, छपराला काच असलेली, आमच्या कॉलनीतली सगळ्यात उंच गाडी. त्यांची कुणाकडून तरी घेतलेली जुनी, मातकट रंगाची. खो-खोच्या बारा पोरी स्पर्धेला न्यायच्या म्हणून त्यांनी ती घेतली होती. पेढे मी वाटले आणि लोक त्यांच्या गाडीभोवती जमले, एवढं सांगितलं तरी पुरे.

माझी गाडी उंच आहे याचा मला अभिमान होता. ती किती उंच आहे हे मला बापूंना बसवताना कळलं.

बापू म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर चाकूरकडचं आमचं गाव सोडून ते माझ्याकडं राहायला आले होते. उजवा गुडघा कामातून गेलेला. गाडी आली त्या दिवशी त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, दारात उभे राहिले, एक पाय उचलून पाहिला आणि खाली ठेवला. मग मी मागून काखेत हात घालून त्यांना आत चढवलं. ज्वारीचं पोतं ट्रॅक्टरवर चढवावं तसंच ते होतं. समोरच्या घरातल्या वहिनी गॅलरीतून बघत होत्या आणि त्या बघताहेत हे बापूंनी बघितलं. असं तीन-चार वेळा झालं. मग ते म्हणायला लागले, "मला कुटं जायचंय आता. तुमी जाऊन या." त्या वर्षीच्या येळवशीलाही ते आले नाहीत.

वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस, हा सण लातूरबाहेरच्या लोकांना समजावून सांगावा लागतो. त्या दिवशी शहरात कुत्रंही सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, बांधायची, पूजा करायची, सगळ्या शेंगा-भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि वर आंबील. ताकात ज्वारीचं पीठ घालून केलेलं हे आंबील बिंदगीत, म्हणजे छोट्या घागरीत, भरून न्यायचं आणि आल्यागेल्याला बोलावून पाजायचं. जन्मात बापूंची एकही येळवस चुकली नव्हती. ती माझ्या नव्या गाडीमुळं चुकली. पुढच्या वर्षी त्यांना शेतात न्यायचंच, असं मी ठरवलं.

याच सुमारास सरांच्या डोक्यात गाडीला पायऱ्या बसवायचं आलं. दाराखाली लावतात त्या ॲल्युमिनियमच्या, साइड स्टेप. वास्तविक त्यांच्या पोरी उड्या मारून गाडीत बसायच्या. मी विचारलं, "सर, तुमच्याकडं म्हातारं कोण आहे पायरी लागायला?" घरात ते आणि त्यांची बायको, मुलगी बिलोलीला दिलेली.

"बसंल कोणतरी," ते म्हणाले.

दुसरा कुणी दुकानात जाऊन अर्ध्या तासात लावून आला असता. सरांनी त्यासाठी अडीच महिने घातले. बांधकामातून उरलेल्या विटा त्यांच्या फाटकाशी पडल्या होत्या. त्या त्यांनी दारात मांडल्या. संध्याकाळी कोण बोलायला आलं की ते बोलता बोलता पायानंच वीट सरकवायचे, एकीवर दुसरी, आणि म्हणायचे, "वर उभं राहा की, खाली चिखल हाय." चिखल नसायचा. माणूस बोलण्याच्या नादात विटेवर चढायचा. सर त्याच्या हाताकडं बघत असायचे. तेवढ्यापुरता पाय सोडून हात.

एकदा मला त्यांनी गुपित सांगितलं. "फिजिक्स, माणूस चढताना त्याचा हात कवा आधार धुंडतो ते बगायचं. त्याला इचारलं तर त्यो खोटं सांगतो. म्हणतो, मी काय म्हातारा झालो काय. हाताला खोटं बोलता येत न्हाई. ज्या उंचीला हात भिंतीकडं जातो, त्याच्या एक बोट खाली पायरी."

मी हे स्टाफरूममध्ये नक्कल करून सांगितलं. लोक हसले. त्या हसण्यानं मला फार बरं वाटलं होतं, ते आजही आठवतं. कॉमर्सच्या देशमुखांनी तर टेबलावर डस्टर ठेवून चढून दाखवलं.

बापू संध्याकाळी फिरायला म्हणून सरांच्या दारापर्यंत जायचे आणि तिथंच रमायचे, हे मला बायकोकडून कळायचं. घरात बापूंचं आणि माझं बोलणं म्हणजे गोळी घेतली का, घेतली, एवढंच. तिथं मात्र तासतासभर. एक दिवस मस्टरवर सही करताना सर म्हणाले, "तुमच्या बापूंचा हात अकरा इंचाला भिंत धुंडतो बगा. दहाला गप असतो."

मला झोंबलं. माझ्या बापाची विटांवर परीक्षा घेणारे हे कोण? मी म्हणालो, "बापू ठणठणीत आहेत," आणि पेन काढून घेतलं. त्यांची सही अर्धीच झाली होती.

तरीही पायऱ्या बघायला आम्ही दोघं बरोबरच गेलो. गेलो म्हणजे ते औसा रोडवरच्या दुकानात निघालेत हे कळल्यावर मीही निघालो. त्यांच्याआधी माझ्या गाडीला पायऱ्या लागल्या पाहिजेत, एवढंच माझ्या मनात होतं. दुकानदारानं सगळा माल काढून मांडला. मला एक जोडी बघताक्षणी आवडली. आरशासारखी चकचकीत, कडेला निळा दिवा, दार उघडलं की लागणारा. सर त्या पायरीसमोर मांडी घालून खालीच बसले. पट्टी काढून रुंदी मोजली, मग अंगठा फिरवला.

"ह्याच्यावर ताक सांडलं तर?" त्यांनी विचारलं.

दुकानदार माझ्याकडं बघून हसला. "सर, गाडीवर ताक कोण सांडतंय?"

"आपलेच लोक सांडतेत," सर म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी ती कशी बसणार ते विचारलं. पत्र्याला भोकं पाडून स्क्रू मारणार म्हटल्यावर ते उठले. गाडीच्या चासीला कंपनीनंच भोकं दिलेली असतात, ब्रॅकेट तिथं बोल्टनं कसायचे, पत्र्याला हात लावायचा नाही, हे दुकानदाराला समजावून सांगून वर त्याच्याकडंच चहा पिऊन ते निघून गेले. नांदेडला त्यांचा ओळखीचा मिस्त्री होता. पूर्वी तिथल्या शाळेत नोकरीला असताना त्यांच्या सायकलीही तोच नीट करायचा. सुट्टी आली की सर गाडी घेऊन नांदेडला, असं चार वेळा झालं. एका पायरीसाठी चार वेळा लातूर-नांदेड. मी त्याच दुपारी चकचकीत जोडी लावून घेतली.

त्यांची पायरी लागल्यावर मी मुद्दाम बघायला गेलो. बघून जीव थंड झाला. काहीच नव्हतं तिच्यात. मळका पांढरा ॲल्युमिनियम, वर रबराच्या जाड पट्ट्या, एक तळपाय पूर्ण मावेल एवढी रुंद आणि इतकी खाली, की बघवेना. "स्पीडब्रेकरला घासणार ही," मी म्हणालो.

"घासू द्या. मी हळू काढतो."

मग आली येळवस. बापूंना मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आता पायरी आहे, आता कारण सांगायचं नाही. सकाळी त्यांनी नवं धोतर नेसलं. माझी पायरी उंचच होती, पण मी काखेत हात घातला, ते तिच्यावर चढले, एकदा हुंकारले आणि बसले. मला वाटलं, जिंकलो. आरशातून मी दोन वेळा त्यांच्याकडं बघितलं. शेत जवळ आलं तशी त्यांची मान खिडकीबाहेर गेली होती.

दिवस छान गेला. बापूंनी कोपीपुढं बसून सगळ्या गावाची विचारपूस केली. आंबिलाची बिंदगी कुठं ठेवायची असा प्रश्न आला तेव्हा मीच म्हणालो, ठेवा गाडीच्या पायरीवर, हाताशी येते. खरं म्हणजे पायरी सगळ्यांना दिसावी म्हणून. दुपारभर त्या पायरीवरून मी गावाला आंबील पाजलं. लोक गाडीचं कौतुक करत पेले पुढं करत होते आणि मी हात सैल सोडून ओतत होतो.

उतरत्या उन्हाला आम्ही निघालो. बापूंनी पाय ठेवला, आणि तो साबणावरून जावा तसा गेला. मी काखेत धरलं होतं म्हणून ते पडले नाहीत, बसले. पायरीची कड नडगीला लागली होती, धोतराला आंबील आणि काळी माती. त्यांनी नडगी चोळली आणि उठून बांधावर जाऊन बसले.

"बापू, पुसून घेतली. या."

"तू जा."

"असं काय करता?"

"मी कोपीत राहतो आज," ते म्हणाले. चार माणसं लांबून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांना स्वतःचं शेत नव्हतं. येळवशीला ते गाडी घेऊन ओळखीच्या एकेका शेतावर जायचे, प्रत्येक कोपीत भज्जीचे दोन घास खायचे. आमच्याकडं ते सगळ्यात शेवटी आले, नेमके तेव्हाच. गाडी बांधाला घासत आली, ते मला ऐकू आलं. उतरल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पायरीकडं बघितलं, आणि ताकाचा शब्दही काढला नाही. काढला असता तर मला पुढं सोपं गेलं असतं. ते बापूंजवळ जाऊन म्हणाले, "बापू, औंदा हरभरा कसा काय एवढा फुटला हो? खत कोणतं टाकलं?"

बापू सांगायला लागले. सांगत सांगत उठले, सांगत सांगत चालले. सर त्यांच्या अर्धं पाऊल मागं, हात पाठीशी बांधून. हरभरा संपून तूर आली तेव्हा बापू गाडीत बसलेले होते. त्यांना कुणी धरलं नव्हतं. त्यांनी कशाला धरलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर सरांची गाडी पुढं आणि माझी मागं. बायको पोरांना घेऊन पुढच्याच गाडीत बसली होती, गर्दीत मजा येते म्हणून. मागच्या काचेतून मला दोन डोकी दिसत होती, एक बोलायचं आणि दुसरं हलायचं. चाकूर गेलं, घरणी गेली, डोकी बोलतच होती. माझ्या गाडीत रिकामी बिंदगी होती. रडू येईल असं वाटलं, आलं नाही, फक्त दात दुखायला लागले, इतके मी आवळून धरले होते.

पुढची दोन वर्षं बापू दर रविवारी सरांच्या गाडीतून फिरले. पोरींच्या स्पर्धा बघायला उदगीरला, रेणापूरला. पोरी त्यांना पंच म्हणायच्या. घरी आले की जेवताना सांगायचे, आज अमकी कशी सुटली, तमकी कशी पकडली. मी मान खाली घालून जेवायचो. मी पायऱ्या बदलू शकलो असतो की नाही? शकलो असतो. नांदेडच्या मिस्त्रीचा नंबर सरांनी स्वतःहून माझ्या फोनमध्ये घालून दिला होता. तो मी लावला नाही. त्यांच्या अकलेची पायरी माझ्या गाडीला लावायची, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. बाप दुसऱ्याच्या गाडीत हसत जातो हे सहन होत होतं, हे मात्र नव्हतं.

मग सर निवृत्त झाले आणि लेकीजवळ राहायला बिलोलीला गेले. निरोपाच्या कार्यक्रमात प्राचार्य कंबर धरून अर्धा तास बोलले. मी टाळ्या वाजवल्या, आणि मनात म्हणालो, सुटलो. पहिला रविवार आला. बापू आंघोळ करून, टोपी घालून ओसरीत बसले. दुपारी त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. दुसऱ्या रविवारी टोपी घातलीच नाही. मी म्हणालो, "चला, मी नेतो." ते म्हणाले, "नको. तुला तरास." येळवस तीन आठवड्यांवर आली होती.

मी नांदेडला गेलो. सरांचा मिस्त्री म्हणजे पांढऱ्या दाढीचे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेले चाचा. त्यांनी माझ्या चकचकीत पायऱ्या बघितल्या, स्क्रू काढले आणि भोकं बुजवली. मग विचारलं, "किसके वास्ते?"

"वडिलांसाठी. दहा इंचावर लावा." हा आकडा मी विसरलो नव्हतो.

"दस ठीक है. अब्बा पहले कौनसा पाँव रखते?"

चाचांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून ते मराठीवर आले. "लोक उजवा पाय पायरीवर ठेवून डावा आत टाकतेत. सगळा भार घडीभर ऱ्हातो. पर कुनी कुनी दोन्ही पाय पायरीवर आनून थांबतेत, मंग फिरून बसतेत. तसं असंल तर पुढं एक ब्रॅकेट जास्त लागतो. न्हाई तर पायरी हलते, आन् म्हातारं मानूस भेतं. कसं चढतेत तुमचे?"

ज्यांना मी स्वतः काखेत धरून कितीदा चढवलं, ते आधी कोणता पाय ठेवतात हे मला माहीत नव्हतं. बायकोला फोन केला, तिनं उचलला नाही. चाचा पाना हातात घेऊन थांबले होते. शेवटी मी बिलोलीला फोन लावला.

"बोला, फिजिक्स," सर म्हणाले. मी विचारलं. ते क्षणभरही थांबले नाहीत. "डावा. उजवा गुडघा वळत न्हाई त्यांचा. दोन्ही पाय येतेत पायरीवर, मंग फिरतेत. चाचाला सांगा पुढं ब्रॅकेट वाढवायला." मग म्हणाले, "आन् एक ऐका. ते चढताना तुमी बोलत ऱ्हावा. तुमी दात आवळून गप धरता, मंग त्यांला वाटतं आपुन लई जड झालो."

मी फोन ठेवला. चाचा खाली सरकले आणि आतून आवाज आला, "कौनसा?"

"डावा," मी म्हणालो.

येळवशीच्या सकाळी गाडी दारात लावली. बापू आले, खाली वाकून पायरीकडं बघितलं. ओळखली असणार. मी काखेत हात घालायला पुढं झालो आणि थांबलो, हात पाठीमागं बांधले. आता बोलायचं होतं. काय बोलायचं? हरभऱ्यातलं मला कळत नाही. गोळी घेतली का, एवढंच तोंडात येत होतं. बापू पायरीसमोर उभे, मी त्यांच्या अर्धं पाऊल मागं, आणि त्यांचा हात हळूहळू दाराकडं निघालेला.

"सरांशी बोलणं झालं परवा," मी म्हणालो. "तुमची आठवण काढत होते."

"हाव का?" बापूंनी डावा पाय पायरीवर ठेवला. "काय म्हणत होते?"

मी सांगत गेलो.